रेडिओ काय म्हणाली

३ मार्च

बारक्या,

पत्राच्या वर काय लिहायचं यातच अर्धा तास गेला. आपल्या घरात पत्र सुरू व्हायचं ते प्रभूच्या नावाने सलाम घालून. तो लिहिला आणि खोडला. सात वर्षांनी लिहितेय, पहिल्याच ओळीत खोटेपणा नको. तू म्हणशील, आता कुठून उगवली ही. उगवलेय खरी. तुझा पत्ता चर्चच्या पाळकांच्या बायकोकडून घेतला. देताना त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं काही मी त्यांच्या घरातले चमचे पळवणार होते.

कामाचं बोलते. रेडिओ आठवते ना? गिरणीत माझ्या शेजारच्या चार मागांवरची. विणाई खात्यात मागांच्या खडखडाटात आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. म्हणून आम्ही सगळे आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलतो आणि ओठ बघून ऐकतो. ही बाई सकाळी तोंड उघडायची ते पाळी सुटेपर्यंत मिटायची नाही, म्हणून रेडिओ. तू घडी खात्यात होतास. तिथे माणसांना माणसं ऐकू येतात, तुला आमची ही गंमत कळायची नाही.

तर रेडिओच्या गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्र काढून टाकलंय. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेते. कान चांगले आहेत, ओठ चालतात, आवाज मात्र कायमचा गेला. लिहिता येत नाही तिला. नर्सने पाटी दिली, तर तिने नर्सचंच चित्र काढलं आणि ते वाईट असलं तरी नर्सला ओळखू आलं. तिची मुलगी लग्न होऊन लांब गेलीय. नवरा सध्या सकाळी तिच्यापाशी बसतो आणि दुपारच्या पाळीला जातो. दुपारी पाळी सुटली की मी जाते. ती ओठ हलवते, मी नर्सला मोठ्याने सांगते. जेवणाचं ताट आलं की ती जे काही म्हणते त्याचा मी ‘थँक्यू म्हणतेय’ असा अर्थ सांगते.

परवा तिने मला विचारलं, ‘मी मेल्यावर माझं काय होणार? तुला काहीतरी माहितीये. सांग.’

मी म्हटलं, डॉक्टर येतीलच एवढ्यात.

बारक्या, तू ये. तुला हे सगळं बोलता यायचं. भर रस्त्यात, अनोळखी माणसासमोर, न अडखळता बोलायचास. डॉक्टर म्हणतात, फार तर महिना. गेटपाशी जे झालं ते झालं. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी ये.

ताई


९ मार्च

बारक्या,

उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं समजून पुन्हा लिहितेय. पोचलं असेल हे मला ठाऊक आहे.

पाळकांना घेऊन गेले होते, नुसते ओळखीचे म्हणून. भले माणूस. पलंगाशी उभे राहून छान बोलले, पण रेडिओने त्यांना काहीतरी विचारलं आणि ते त्यांना कळेना. ते नुसते हसून मान डोलवत राहिले. तिने विचारलं होतं, ‘तुम्ही कधी घाबरलायत का?’ मी ते त्यांना सांगायला हवं होतं, पण वॉर्डात आठ पलंग, शेजारच्या पलंगावरची म्हातारी टक लावून बघत होती. मी म्हटलं, पाणी मागतेय. रेडिओने भिंतीकडे तोंड केलं. पाळक गेल्यावर म्हणाली, ‘मला तो माणूस नको. तू सांग.’

मग मी चादर झटकली. चांगली झटकलेली चादर पुन्हा झटकली.

तू विचारशील, भीती तरी कसली? मीही स्वतःला विचारते. तिचा नवरा आपला जॉबर आहे हे तुला माहीत आहेच. माग बिघडला तर तोच नीट करतो आणि कुणाला कुठले माग द्यायचे तेही तोच ठरवतो. त्याच्या मनातून उतरलेल्या बाईला खिडकीजवळचे जुने माग मिळतात. तिथे दर दहा मिनिटांनी धागा तुटतो. माझी निवृत्ती दोन वर्षांवर आलीय, राहायची खोलीही गिरणीचीच. ही झाली सांगायची कारणं. खरं कारण याहून लाजिरवाणं आहे. चर्चला मी लपूनछपून जाते. लोकांना कळलं तर हसतील, ‘ही पण त्यातलीच का’ म्हणतील, आणि रेडिओ माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघेल. तिने तसं बघितलं तर उरलेले दिवस मी तिथे बसू कशी?

काल एका चिठ्ठीवर चार वाक्यं लिहून नेली. चिठ्ठी खिशातच राहिली आणि आज कपड्यांबरोबर धुतली गेली.

आणि हेही सांगते, म्हणजे माझी पुरती लायकी तुला कळेल. मला आवाज काढायचीसुद्धा गरज नाही. खात्यात बोलतो तसं नुसत्या ओठांनी बोलले असते तर आठ पलंगांत कुणाला पत्ता लागला नसता. तरी जमलं नाही. म्हणजे लोक ऐकतील ही भीती नव्हतीच. मी बसलेय अळीमिळी गुपचिळी करून, आणि ती रोज थोडी थोडी कमी होतेय.

बारक्या, पाया पडते तुझ्या. मोठी असून पडते. ये.

ताई


१५ मार्च

बारक्या,

तुझं कार्ड आलं. चार ओळी. इतक्यांदा वाचल्या की आता बघायला लागत नाही.

तू लिहितोस, तू शूर नव्हतास. आतून इतका घाबरायचास की ती भीती ऐकू येऊ नये म्हणून मोठ्याने बोलायचास. लिहितोस, पाच वर्षांत चर्चची पायरी चढला नाहीस, प्रार्थना येत नाही. ‘तुला सांगायचं असेल तर तूच सांग, माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही.’ आणि शेवटची ओळ: ‘ताई, त्या दिवशी मी जॉबरकडे बघत नव्हतो, तुझ्याकडे बघत होतो.’

ती ओळ वाचून मी मोरीत जाऊन बसले.

ठीक आहे. ‘झालं ते झालं’ असं मी लिहिलं होतं. काय झालं ते आज लिहिते. पाळी सुटली होती. तू गेटपाशी चार पोरांना येशूबद्दल सांगत होतास. कुणीतरी तुझी पिशवी ओढली, पुस्तकं चिखलात पडली, गर्दी जमली. जॉबर पुढे आला. तू माझा भाऊ हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने लांबूनच मला ओठांनी विचारलं, ‘तुझंही हेच का?’ त्या सगळ्या गोंगाटात तो प्रश्न आमच्या खात्यातल्या माणसांनाच कळला. आणि मी मान हलवली. नाही. एकदा नाही, दोनदा हलवली, न जाणो पहिल्यांदा दिसली नसेल तर.

मला वाटायचं, तुला ओठ वाचता येत नाहीत, तेव्हा तुला काही कळलं नसेल. पण मान हललेली तर आंधळा सोडून कुणालाही दिसते. इतकी साधी गोष्ट मी सात वर्षं स्वतःला कळू दिली नाही. तू गेलास तो घरातल्या भांडणामुळे, असं सगळ्यांना सांगत राहिले. आईलासुद्धा. ती तेच खरं धरून गेली.

माफ कर म्हणायला तोंड नाही. तरी म्हणते.

आता माझ्याकडे कुणी नाही, बारक्या. पाळकांना तिचे ओठ कळत नाहीत, तुझ्याकडे काही उरलं नाही, आणि मी ही अशी. आज तिच्या गळ्याच्या पट्टीवर रक्त होतं. नर्सने पट्टी बदलली आणि माझ्याकडे न बघता गेली.

ताई


१९ मार्च

बारक्या,

तुझं उत्तर येणार नाही हे धरूनच लिहितेय. लिहिलं नाही तर फुटेन.

आज धीर करून सुरुवात केली. म्हणजे काय, तिचा हात धरला आणि ओठांनी म्हटलं, ‘रेडिओ, तुला एक सांगायचंय. मी ना...’ आणि झालं माझं ततपप. तिने डोळे मिचकावले. म्हणाली, ‘तू प्रार्थना करतेस. पुढे बोल.’

म्हटलं, तुला कुणी सांगितलं?

‘तूच. रोज सकाळी. पहिला माग सुरू केलास की तुझे ओठ हलायला लागतात.’

बारक्या, बघ माझी अक्कल. तीस वर्षं ज्या खात्यात सगळी माणसं ओठ वाचून जगतात, तिथे उभी राहून मी प्रार्थना करायचे आणि कुणाला ऐकू जात नाही म्हणून बिनधास्त करायचे! चार माग चालू असताना डोळे मिटता येत नाहीत, तेव्हा तोंड वर, डोळे उघडे, आणि ओठांवर सगळं चव्हाट्यावर. रेडिओ माझ्या शेजारच्या मागांवर आल्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं ती माझी प्रार्थना वाचतेय.

तिला सगळं पाठ आहे. तिच्या मुलीच्या बाळंतपणात मी काय काय मागितलं, मागावरचा धोटा उडून तिचा हात फुटला तेव्हा काय मागितलं. ‘आणि माझ्या नवऱ्याला बुद्धी दे म्हणायचीस,’ म्हणाली, ‘ते काही तुझ्या देवाला जमलेलं नाही.’ हसली ती. आवाज नाही, नुसती छाती हलली, गळ्याच्या भोकातून शीळ आली. मग म्हणाली, ‘रोज शेवटी भावाचं नाव घेतेस. सात वर्षांत एक दिवस चुकली नाहीस. आजारी असून आलीस तेव्हाही.’

हे मी तुला कधी लिहिणार नव्हते. पण तिने पाहिलंय, तेव्हा लिहिते.

मग तिचा चेहरा बदलला. म्हणाली, ‘अकरा वर्षं माझ्याबद्दल त्याच्याशी बोलतेस. त्याच्याबद्दल माझ्याशी एक शब्द नाही. मी वाट बघत होते गं. वाटलं, मी त्या लायकीची नसेन.’

बारक्या, मी लपवत होते माझी भीती, आणि तिला वाटत होतं की तिलाच कुणी दाराबाहेर ठेवलंय. मी बोलणार होते. देवाशपथ, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात जॉबर आत आला. आज वीज गेली म्हणून त्याची पाळी लवकर सुटली होती. त्याने विचारलं, ‘काय चाललंय?’

मी म्हटलं, ‘चादरीचं. दुसरी चादर हवी म्हणतेय.’

रेडिओने माझा हात सोडला. सोडला म्हणजे झटकला नाही, हळूच खाली ठेवला. तुझी पाठ गेटमधून जाताना दिसली होती, तेव्हाही मला असंच झालं होतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मरतेय ती, आणि खोड माझी.

ताई


२२ मार्च

बारक्या,

सांगितलं.

कसं ते लिहिते. काल रविवार. रात्रभर झोप नव्हती. सकाळी चर्चला न जाता सरळ तिच्याकडे गेले. ती फार थकलेली, पण जागी होती. मी स्टूल ओढलं आणि कालपरवाची माफीसुद्धा मागितली नाही, नाहीतर माफीतच वेळ घालवला असता. आवाजात बोलले, ओठांनी नाही. शेजारची म्हातारी लगेच उठून बसली. बसू दे म्हटलं.

तुझ्यासारखं नाही जमलं. सगळं उलटसुलट झालं. आधी थडग्याचं सांगितलं, मग जन्माचं, मध्येच आईचं. म्हटलं, तो येशू आपल्यासाठी मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हे मी खरं मानते. का मानते ते विचारशील तर मला मोठंमोठं काही येत नाही. मी त्याला भर रस्त्यात ओळख दाखवली नाही. सात वर्षं मी स्वतःच्या नजरेत मेलेली होते. तरी रोज सकाळी मागापाशी उभी राहिले की तो असायचा. एकदाही त्याने मला ‘तू कोण’ म्हटलं नाही. तुला बाहेर ठेवलं ते मी, रेडिओ, त्याने नाही. त्याच्याकडे यायला लायकी लागत असती तर मी आज इथे बसले नसते. त्याला हाक मारलीस तर तो येतो. मेल्यानंतरही तो असतो. मला एवढंच माहिती आहे.

मध्येच मान वर केली तर जॉबर दारात उभा. किती वेळ उभा होता, देव जाणे. पण माझं तोंड चालू राहिलं. का राहिलं ते सांगता येणार नाही, मला वाटतं थांबायचं कसं ते विसरले होते.

रेडिओ म्हणाली, ‘त्याच्याशी बोल. माझ्यासमोर.’

म्हणून मी प्रार्थना केली. आणि बारक्या, मी डोळे मिटले.

लहानपणापासूनची शिस्त. चर्चमध्ये, पलंगापाशी, जेवताना डोळे मिटायचे. मागापाशी कधी मिटले नाहीत आणि इथे मिटले. जिच्याकडे बोलायला ओठांशिवाय काही नाही, तिच्यासमोर डोळे मिटून बसले! आमेन म्हणून उघडले तेव्हा तिचे ओठ नुकतेच थांबत होते. काहीतरी म्हणाली होती ती. मी म्हटलं, ‘काय? काय म्हणालीस?’ तिची नजर माझ्यावर होती, पण जड झालेली. मग गळ्यातून रक्त आलं, नर्स धावल्या, मला बाहेर काढलं. ती पुन्हा शुद्धीवर आली नाही. आज सकाळी सहाला गेली.

तिने हो म्हटलं का नाही म्हटलं? त्याला हाक मारली का मला शिवी दिली? शिवीही चालली असती. कुणी पाहिलं असेल तर एकाच माणसाने, दारातल्या. आणि त्याला जाऊन विचारायचं म्हणजे काय, हे तुला कुणी सांगायला नको.

मी वेडी होईन, बारक्या.

ताई


२९ मार्च

बारक्या,

हा आठवडा तो परत सकाळच्या पाळीला होता; मी त्याच्याच खात्यात काम केलं आणि त्याच्या ओठांकडे बघितलं नाही. आज पाळी सुटल्यावर त्याच्या घरी गेले. दोनदा कोपऱ्यावरून परत फिरले, तिसऱ्यांदा जिना चढले.

आतल्या खोलीत माणसं भरलेली. तिची मुलगी, नणंदा, त्याचे दोन भाऊ. तो बाहेरच्या खोलीत खिडकीशी एकटाच होता. इतका मोठा माणूस, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. मी दारातूनच म्हटलं, ‘शेवटी ती काहीतरी म्हणाली. तुम्ही पाहिलंत. मला सांगा.’

त्याने आतल्या दाराकडे बघितलं आणि आवाज न काढता, ओठांनी म्हणाला, ‘आधी तू सांग. तिला काय सांगत होतीस? मी अर्ध्यात आलो. सगळं सांग, पहिल्यापासून.’ मग म्हणाला, ‘ओठांनी सांग. आत लोक आहेत.’

त्याने मला वाट दिली होती, बारक्या. सोपी, कुणाला न कळणारी. घ्यायचा मोह झाला, खोटं कशाला सांगू.

मी आवाजात सांगितलं. पहिलंच वाक्य अर्धवट तुटलं, दुसरं जरा जोरातच आलं. आतलं बोलणं थांबलं. मुलगी दारात येऊन उभी राहिली, तिच्यामागे तिची आत्या. गेटपाशी तुम्ही मला विचारलंत आणि मी मान हलवली, तिथून सुरुवात केली. तेव्हा मी खोटं बोलले, मी येशूचीच आहे, म्हटलं. मग तिला सांगितलं होतं ते सगळं, या खेपेला जरा ओळीने. मला वाटायचं, भीती गेली की मग माणूस बोलतो. तसं काही नसतं. ती शेजारी उभीच राहते.

माझं झालं. मग तो बोलला, आवाजात बोलला. आयुष्यभर मागांवरून ओरडलेला तो घोगरा आवाज.

‘ती म्हणाली, पुन्हा सांग.’

मला कळेना.

‘पुन्हा सांग, म्हणाली. दोनदा म्हणाली. तुझे डोळे मिटलेले होते, बाई.’

मी तिथेच जमिनीवर बसले. मोठ्याने रडले, लाज सोडून. तिला पुन्हा ऐकायचं होतं आणि ते ऐकवायला मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. ती कशी गेली, काय धरून गेली, मला कळणार नाही. कितीही रडले तरी कळणार नाही. मुलीने मला पाणी दिलं. जॉबरने स्टूल माझ्याकडे ढकललं आणि म्हणाला, ‘बस वर. सांग.’

मी पुन्हा सांगितलं. त्याच्या तोंडाकडे बघत, पापणीसुद्धा न हलवता. त्याच्या भावाने ‘पुरे आता’ म्हटलं, तेव्हा त्याने हात वर करून त्याला थांबवलं, एवढंच.

आता तुझं. पहिली दोन पत्रं मी तुला ये ये म्हणून हाका मारल्या. किती सोपं काम निवडलं होतं मी! तू लिहितोस, प्रार्थना येत नाही. त्यावर मला तुला काही सांगायचंय, आणि तुझंही ऐकायचंय, पण कागदावर तुझे ओठ दिसत नाहीत. मी रविवारच्या पहिल्या गाडीने येतेय. दुपारपर्यंत पोचेन. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तर मी जिन्यात बसेन, संध्याकाळची गाडी उशिरा आहे.

प्रभूच्या नावाने सलाम.

ताई